सकर्मक मरण

बटाटा संशोधन केंद्रात ठिपकाताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. ते नाव काचघराच्या दारावरच्या पाटीपुरते शिल्लक आहे, आणि त्या पाटीचीही दोन अक्षरे दमट हवेने गळून पडली आहेत. टोपणनाव प्रथम कुचेष्टेने पडले. कुठल्याही झाडाचे कुठलेही पान हाती आले की ते उलटे करायचे, गळ्यातल्या दोरीला अडकवलेले भिंग डोळ्याला लावायचे आणि ठिपका शोधायचा, ही त्यांची खोड. एकदा आजारी मैत्रिणीला भेटायला दवाखान्यात गेल्या, तर तिची विचारपूस राहिली बाजूला आणि खिडकीतल्या कुंडीची तपासणी आधी झाली. मैत्रीण म्हणाली, "अगं, आजारी मी आहे." ताई म्हणाल्या, "तुला बघायला डॉक्टर आहेत. हिला कोण आहे?"

उंचीने बेताच्या, चालीने तुरतुरीत आणि बोलण्यात काटकसरी अशा या बाई वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन 'तात्पुरती साहाय्यक' म्हणून काचघरात शिरल्या, आणि त्यांचे केस पिकले तरी बाहेर आल्या नाहीत. दरम्यान साहाय्यकाच्या प्रमुख झाल्या. काचघर म्हणजे लांबट, चुना फासलेल्या काचांचे, आत शिरताच चष्म्यावर धुके धरणारे दालन. दारात जंतुनाशकाचा उथळ हौद. त्यात बूट बुडवल्याखेरीज कोणालाही प्रवेश नाही. एका टोकाला खडखडणारा पंखा, दुसऱ्या टोकाला सूक्ष्मदर्शक आणि रंगांच्या बाटल्या, मध्ये बटाट्याचे वाफे. बाहेर दाराशेजारी दिवसाची कामे खडूने लिहिण्याचा काळा फळा. त्या फळ्यावरचे अक्षर वाकडे असले तर ताई ते पुसून स्वतः पुन्हा लिहीत. घरी एक मास्तर होते त्याचा हा परिणाम असावा.

नव्याने रुजू होणाऱ्यांना त्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट ऐकवीत. करप्याचा, म्हणजे पाने काळी पाडून सडवणाऱ्या रोगाचा, बीजकण पानावर उतरतो, त्याला कोंब फुटतो आणि तो कोंब पेशीच्या भिंतीला भोक पाडून आत घुसतो. या चोराला सुरुवातीला जिवंत पेशीच लागते. मेलेल्या पेशीत त्याचा संसार थाटला जात नाही. बहुतेक रोपांना तो आल्याचे कळतच नाही. परंतु ज्या रोपाला तो ओळखता येतो, त्याची ती एकटी पेशी आधी कॅल्शियमचा लोंढा आत घेते. ही झाली धोक्याची घंटा. मग जखम धुवायला वापरतो त्या पेरॉक्साइडचा फवारा ती स्वतःच तयार करून सोडते, भिंती जाड करते, शेजारच्या पेशींना सावध करते, शेंड्याकडच्या पानांपर्यंत निरोप धाडते. हे सारे उरकल्यावर ती आपल्याच पोटातली पाचक रसांची पिशवी फोडते आणि स्वतःला संपवते. चोर आत, घर मेलेले, खायला काही नाही.

"आणि बाहेरून तुम्हाला काय दिसतं?" ताई विचारीत. "मोहरीएवढा तपकिरी ठिपका. तो बघून नाक मुरडायचं नाही. तो त्या रोपाचा पराक्रम आहे."

एकदा कोणी तरी म्हणाले, "म्हणजे पेशी आत्महत्या करते म्हणा ना."

"नाही म्हणणार," ताईंनी तिथेच कापले. "तो शब्द या काचघरात नको. पहारेकरी बाहेर पळायचं सोडून आतून कडी लावून घेतो, त्याला तुम्ही काय म्हणाल? तेच हिला म्हणा."

या बाईंच्या आयुष्यात हट्टाचा प्रसंग पुष्कळदा आला. परंतु ज्यामुळे त्यांची हकीकत लिहावीशी वाटली, तो प्रसंग एका वाफ्याचा आहे.

त्या वाफ्यात बटाट्याच्या तीन ओळी होत्या. डोंगरातला एक कडवट रानबटाटा आणि शेतातला एक गोड परंतु नाजूक वाण यांच्या फुलांचा संकर ताईंनी स्वतः कुंचल्याने केला होता. त्यातून निघालेल्या असंख्य भावंडांमधून वर्षानुवर्षे निवड करीत त्या तीन बहिणींपर्यंत आल्या होत्या: थोरली, मधली आणि धाकटी. कुळाचे नाव हट्टी. धाकटी दिसायला सर्वांत देखणी, रुंद पानाची आणि भरघोस कंदाची. आईने सर्व मुलांना सारखे वाढावे आणि एकीच्या ताटात नकळत जास्त पडावे, तसे ताईंचे धाकटीच्या बाबतीत होत असे. काचघरातल्या मजुरांचा मुकादम ते ओळखून होता. "ताई, धाकटीला पाणी घालून झालं का, म्हणजे बाकीच्यांना घालतो," असे तो मुद्दाम म्हणे.

शेजारच्या वाफ्यात दुसऱ्या एका संस्थेने पाठवलेला वाण होता. त्याला करपा शिवत नाही असे पाठवणाऱ्यांनी खात्रीने कळवले होते. पाने गुळगुळीत, फिक्या हिरव्या रंगाची. मुकादमाने त्याचे नाव गोरी ठेवले होते.

त्या हंगामात सर्व वाफ्यांवर एकाच दिवशी करप्याचे बीजकण फवारले गेले. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे आठवडा लोटल्यावर पाहणी व्हायची. परंतु वाणांची निवड करणारी समिती लवकरच येणार होती, आणि नव्या संचालकांना त्याआधी घर आवरून ठेवायचे होते. म्हणून त्यांनी पाहणी अलीकडे ओढली. संचालक वयाने चाळिशीच्या आसपास, अभ्यासू, मवाळ बोलणारे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. त्यांच्यात दोष काढायचा तर एवढाच, की त्यांना स्वच्छ गोष्ट आपोआप खरी वाटत असे.

ते बूट बुडवून आत आले आणि वाफ्यापाशी थबकले. हट्टीच्या तिन्ही ओळींवर ठिपकेच ठिपके होते. गोरी मात्र धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखी निष्कलंक.

"ताई, हा वाफा गेला."

"गेला कुठं? इथंच तर आहे."

संचालक हसले. "थट्टा नको. डागी रोपं ठेवली तर गोरीला लागण होईल."

"लागायची ती लागली, साहेब. सगळ्यांवर एकाच दिवशी फवारलंय. हट्टी बोलून मोकळी झाली. गोरी अजून बोलली नाही, एवढंच."

"किंवा गोरीला बोलायची गरजच नाही." त्यांनी कोपऱ्यातल्या कुंड्यांकडे बोट केले. तिथे हट्टीची काही रोपे वेगळी ठेवून त्यांच्यावर नुसते पाणी फवारले होते. "त्यांच्यावरही ठिपके आहेत. शत्रू आलाच नाही तिथं."

"पंखा आहे की. पंख्याला काय ठाऊक, कुणावर पाणी आणि कुणावर करपा?"

"असेल तसंही. पण दुसरं कारणही असू शकतं, आणि ते तुम्हाला मी सांगायला नको. काही रोपं मुळातच घाबरट असतात. सावली हलली तरी चोर आला म्हणून जीव देतात."

बोलणे खोटे नव्हते, हे ताई जाणून होत्या. अशी रोपे असतात. पेशीला मरणापासून आवरून धरणारा लगाम त्यांच्यात जन्मतःच सैल असतो. ऊन चढले, घंटा; वारा लागला, घंटा; काही झाले नाही, तरी घंटा. शेतात लावली तर स्वतःचीच पाने जाळून बसतात आणि मातीखाली गोटीएवढे बटाटे धरतात. हट्टी शूर आहे की भेदरट, हे ठिपक्याकडे पाहून सांगता येत नाही. दोघांचा ठिपका सारखाच दिसतो.

"मला थोडा अवधी द्या," त्या म्हणाल्या.

"अवधीच तर नाही." संचालकांनी बाहेर येऊन खडू उचलला आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'हट्टी वाफा. करप्याने रोपे मारली. उद्या उपटून जाळणे.' हात झटकून ते निघून गेले. फळ्यावर अक्षर सरळ होते, त्यामुळे ताईंना ते पुसायला निमित्तही उरले नाही. आयुष्याची कमाई म्हणावी असे जे काही त्यांच्यापाशी होते, ते त्या वाफ्यात मुळे धरून उभे होते. आणि उद्याची सकाळ फार लांब नव्हती.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. खिडकीशी काचेच्या दारांचे भलेमोठे कपाट, त्यात शब्दकोश आणि व्याकरणाची पुस्तके. कपाटासमोर आरामखुर्ची, आणि खुर्चीत, दुखरा गुडघा स्टुलावर ठेवून, ताईंचे यजमान. आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली म्हणून सगळा जिना त्यांना मास्तर म्हणे. दूधवाल्याने "उद्या येणार नाही आहे" म्हटले तरी ते त्यातला 'आहे' काढायला लावीत.

"अगं, तोंड का असं? कुणी मेलं काय?" त्यांनी विचारले.

"तेच तर ठरायचंय." ताईंनी बूट काढता काढता सगळे सांगितले आणि फळ्यावरचे वाक्यही म्हणून दाखवले.

मास्तरांनी डोळे मिटले. "करप्याने रोपे मारली. कर्मणी प्रयोग. कर्ता करपा, तो तृतीयेत. क्रियापद रोपांच्या मागे. वाक्य शुद्ध आहे."

"शुद्ध असेल, खोटं आहे! करप्यानं काही मारलं नाही. पेशी आपण होऊन मेली."

"पेशी मेली." मास्तरांनी ते तोंडात घोळवले. "हं. हा कर्तरी. कर्ती पेशी, मरणारीही तीच. पण हे क्रियापद अकर्मक. नुसतंच मरणं. त्याला कर्म नाही."

"मग?"

"मग तुझा साहेब बरोबर विचारतोय, बाई. तो विचारतोय, हिच्या मरणाला कर्म आहे का? समोर कुणी आहे, म्हणून ती मरते, की कुणी नसतानाही मरते? सकर्मक मरण, की अकर्मक?"

ताई हातात बूट धरून तशाच उभ्या राहिल्या. सबंध दुपार जे त्यांच्या डोक्यात घुटमळत होते, ते या माणसाने गुडघा चोळता चोळता दोन शब्दांत बसवले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचं कपाट रिकामं करा."

"काय करा?"

"काचेचं आहे, दारं घट्ट लागतात, खिडकीशी आहे. करपा कधी पोचला नाही अशी जागा मला हवी. शत्रू नसलेली."

"त्यात शब्दकोश आहेत!"

"शब्दकोशांना करपा होत नाही. पलंगाखाली जातील."

मास्तरांनी कपाटाकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि ज्या स्वरात त्यांनी कधी काळी लग्नाला होकार दिला असेल त्याच स्वरात म्हणाले, "निदान वर्णानुक्रमानं ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वच्छ धुतलेले कपडे घालून, काचघराकडे न फिरकता, केंद्राच्या दुसऱ्या टोकाच्या साठवणीच्या इमारतीत गेल्या. तिथे पुढच्या लागवडीसाठी बटाट्यांना कोंब आणून लहान रोपे तयार केलेली होती. ती कधी फवारली गेली नव्हती, की काचघराची हवा त्यांनी घेतली नव्हती. तिन्ही बहिणींची रोपे त्यांनी झाकणाच्या डब्यांत घातली आणि फाटकाबाहेर काढली. केंद्रातली काडीही बाहेर न्यायची नाही असा नियम होता, आणि तो नियम मोडायला वेळ अजिबात लागला नाही. रोपे कपाटात बसली. मग ताईंनी मास्तरांच्या गळ्यात आपले भिंग अडकवले.

"आता या खोलीत मी येणार नाही. माझ्या अंगावर काचघराची हवा असते. तुम्ही बघायचं. हात लावायचा नाही. लावलाच तर आधी साबण."

"म्हणजे आता मी नोकरीला?"

"तात्पुरते."

त्या काचघरापाशी पोचल्या तेव्हा मुकादम चार माणसे, फावडी आणि पोती घेऊन कुलूप लावलेल्या दारासमोर उभा होता.

"ताई, किल्ली?"

"धुवायला टाकली आहे."

"किल्ली धुतात?"

"दमट हवेनं गंजते ना."

मुकादम बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग माणसांकडे वळून म्हणाला, "किल्ली वाळेपर्यंत चहा घेऊन या रे." आणि हळूच ताईंना, "साहेबांना काय सांगू?"

"जे पाहिलं ते. फक्त माझ्यासाठी त्यात साखर घालू नका."

संचालक आले ते रागावूनच आले. पण त्यांचा राग आवाज चढवणारा नव्हता. "ताई, हे शिस्तीला धरून नाही."

"नाहीच."

"तुम्हीच असं म्हणता?"

"मीच म्हणते. पंखा बंद केलाय, वाफ्याला कापड लावलंय, गोरीला इथून काही लागणार नाही. आणि कारवाई करायची असेल तर खुशाल करा, मी कुठं पळून जात नाही. पण तुम्ही काल एक प्रश्न विचारलात. चांगला प्रश्न होता. उत्तर येण्याआधी उत्तरपत्रिका जाळायला मी किल्ली देणार नाही."

"उत्तर कुठून येणार?"

"माझ्या घरून." आणि त्यांनी रोपे बाहेर नेल्याचे, कपाटाचे, मास्तरांचे, सारे सांगून टाकले.

संचालकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे वर चोरीसुद्धा!"

"ती वेगळी लिहा."

मुकादम फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून आकाशाकडे पाहत होता. शेवटी संचालक म्हणाले, "समिती शुक्रवारी येते. गुरुवारी सकाळी मी कुलूप तोडेन. त्याआधी दाखवायचं ते दाखवा."

नंतरचे दिवस ताईंनी सूक्ष्मदर्शकापाशी काढले. त्यांच्याकडे एक निळा रंग होता. जिवंत पेशी त्याला दारातच अडवते. मेलेली अडवू शकत नाही, म्हणून निळी होते. करप्याचे तंतूही त्याने निळे दिसतात. थोरलीच्या पानाचा तुकडा त्यांनी काचपट्टीवर घेतला. हिरवट पार्श्वभूमीवर निळ्या पेशींचा एक छोटा पुंजका, त्यात अडकून खुंटलेला तंतू, आणि सभोवती जिवंत, रंगाला दाद न देणाऱ्या पेशींचे कडे. मग त्यांनी गोरीचे निष्कलंक पान घेतले आणि संचालकांना बोलावणे पाठवले.

संचालक वाकले आणि बराच वेळ वर उठले नाहीत. गोरीची एकही पेशी मेलेली नव्हती. आणि त्या जिवंत, बेसावध पेशींच्या मधून निळ्या तंतूंचे जाळे पानभर पसरले होते.

"आतून भरली आहे," ते हलकेच म्हणाले.

"घरात पाहुणे राहायला आलेत आणि घरवाल्यांना पत्ता नाही."

संचालक सरळ झाले, चष्मा पुसला. "हे गोरीचं झालं. हट्टी घाबरट आहे की नाही, ते यातून कळत नाही."

ताईंना तो माणूस त्या क्षणी प्रथमच आवडला. "नाही कळत," त्या म्हणाल्या.

घरी रोज संध्याकाळी त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारीत, आणि मास्तर भिंग डोळ्याला लावून आतून उत्तर देत.

"थोरली?"

"कोरी."

"मधली?"

"कोरी. शुद्धलेखनाची एकही चूक नाही."

"धाकटी?"

"गोड दिसते हो ही पोर."

"कशी दिसते विचारलं नाही."

"कोरी, कोरी!"

बुधवारी दुपारी काचघरातला फोन वाजला. पलीकडे मास्तर, आवाज नेहमीपेक्षा जपून. "अगं, धाकटी. खालचं पान."

"काय आहे?"

"पूर्णविराम."

ताईंनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. "एक?"

"सकाळी एक होता, म्हणून गप्प बसलो. वाटलं, माझा डोळा. आता चार-पाच आहेत."

"थोरली, मधली?"

"स्वच्छ. स्वल्पविरामसुद्धा नाही." मग थोडे थांबून ते म्हणाले, "मी काही बोलत नाही. कपाट माझ्या घरात आहे आणि डोळे फक्त माझेच पोचलेत. तू सांगशील तसं."

नवऱ्याच्या तोंडून असे काही ऐकण्याची ताईंना सवय नव्हती. एका अनुस्वारासाठी जो माणूस दूधवाल्याशी भांडे, तो आज एक अख्खे वाक्य गाळायला तयार झाला होता. फोन कानाशी धरून त्यांनी काचेतून वाफ्याकडे पाहिले. धाकटीची पाने तिथे सर्वांहून रुंद होती.

"अहो, तिघींनाही डब्यात घाला, झाकण लावा आणि जिन्यापर्यंत आणा," त्या म्हणाल्या. "मी कपडे बदलून येते."

संचालकांच्या टेबलावर त्यांनी तिन्ही डबे ओळीने मांडले. धाकटीचा डबा पुढे ठेवला, म्हणजे तो आधी दिसावा. "या दोघींच्या मरणाला कर्म आहे," त्या म्हणाल्या. "हिच्या नाही. ही अकर्मक आहे. तुम्ही एका ओळीपुरते बरोबर होतात."

संचालकांना व्याकरण कळले नसावे, पण डबे कळले. "तुम्ही हे सांगितलं नसतं तर..."

"तर शेतात कळलं असतं, आणि तेव्हा थोरली-मधलीवरही कुणी विश्वास ठेवला नसता. आता तुम्ही स्वतःच्या हातानं करप्याचा थेंब टाका. मी लांब उभी राहते."

थोरलीची आणि मधलीची पाने खुडून झाकणाच्या काचेच्या बशीत ठेवली गेली. अर्ध्या पानावर करप्याचा थेंब, अर्ध्यावर साध्या पाण्याचा. पेशींना तर काही लिहून द्यायचे नव्हते. पण थेंब टाकताना संचालकांचा हात सही करणाऱ्या माणसासारखा सावध होता. गुरुवारी सकाळी ते कुलूप तोडायला आले नाहीत. संध्याकाळी ते बशी घेऊन काचघरात आले, बूट बुडवायला विसरले, ताईंनी बोट दाखवल्यावर मागे जाऊन बुडवले आणि पुन्हा आले. करप्याच्या थेंबाखाली दोन्ही पानांवर बारीक तपकिरी ठिपके उठू लागले होते. पाण्याच्या थेंबाखाली काही नव्हते.

गोरीचे तोपर्यंत होत्याचे नव्हते झाले होते. चादरीवर शाई सांडावी तसे काळे, ओलसर डाग पानभर पसरले, कडांना पांढुरकी बुरशी धरली, देठ वाकले, आणि काचघरात सडक्या पालेभाजीचा वास दाटला. मुकादम नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बाई गं, काय रूप होतं आणि काय झालं."

"रूप करप्याचंच होतं. आपण तिचं समजत होतो," ताई म्हणाल्या आणि वाफ्यात उतरल्या.

"धाकटी मी काढतो ताई. तुम्ही राहू द्या."

"नको. वाढवली मी, काढीनही मीच."

त्यांनी रोप बुंध्याशी धरले. बटाट्याचे रोप उपटताना माती आधी जरा अडवते आणि मग एकदम सोडते. ते सोडणे त्यांच्या हाताला आयुष्यभर ठाऊक होते, तरी त्या दिवशी प्रत्येक वेळी ते नवे वाटले. खालचे बटाटे खरोखरच भरघोस होते. मुकादमाने पोते धरले आणि तो एकही विनोद बोलला नाही. ओळ संपल्यावर ताईंनी हात धुतले, चष्मा पुसला, आणि त्यांचे डोळे ओले होते की काचघराचे धुके होते, हा प्रश्न विचारण्याची तिथे कोणाची प्राज्ञा नव्हती.

समिती आली. ठिपक्यांचा वाफा सर्वांत पुढे ठेवलेला पाहून तिच्या भुवया उंचावल्या. मग संचालकांनीच सूक्ष्मदर्शक दाखवला, बशी दाखवली, आणि धाकटीची रिकामी ओळही का रिकामी ते न लपवता सांगितले. थोरली आणि मधली पुढच्या चाचणीसाठी निवडल्या गेल्या. रोपे बाहेर नेल्याबद्दल ताईंना रीतसर समज मिळाली. ती त्यांनी वाचून, तिच्यातली एक वेलांटी दुरुस्त करून, परत दिली.

निघताना समितीतले ज्येष्ठ सदस्य सौजन्याने म्हणाले, "बाई, निवृत्तीच्या उंबरठ्यावर तुम्ही फार मोठं काम केलंत."

मास्तरांनी आदल्याच दिवशी, शब्दकोश पलंगाखालून कपाटात परतवताना, बायकोला एक गोष्ट सांगितली होती. "गंमत बघ. 'पेशी मरण पत्करते' हा कर्तरी. पण तेच भूतकाळात ने: 'पेशीने मरण पत्करले.' लगेच कर्ता तृतीयेत जाऊन कोपऱ्यात बसतो आणि क्रियापद त्याला विचारत नाही. माणसाचंही तेच. सकर्मक काम करायचं असेल आणि कर्तेपण राखायचं असेल, तर भूतकाळात जायचं नाही."

ताईंनी त्या ज्येष्ठ सदस्यांकडे पाहिले. "केलं नाही, करते," त्या म्हणाल्या. "थोरलीची पुढची फवारणी या महिन्यातच आहे. आपण पुढच्या वेळी या, पण पाहणी अलीकडे ओढू नका."

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली. ताई काचघराच्या दारापाशी आल्या. फळ्यावर संचालकांचे ते वाक्य अजून तसेच होते. मधल्या धावपळीत कोणी पुसले नव्हते. त्यांनी ओल्या फडक्याने फळा कोपऱ्यांपासून स्वच्छ पुसला, वाळू दिला, आणि खडूने सरळ रेषेत लिहिले:

'पेशी मरण पत्करतात. रोप जगते. ठिपका दिसला म्हणून वाफा उपटू नये.'

मुकादम मागे उभा राहून एकेक शब्द वाचत होता. "ताई, आता तर साहेबांना पटलंय. मग हे कुणासाठी?"

"पुढच्या साहेबांसाठी," ताई म्हणाल्या. त्यांनी किल्ली कमरेला खोचली, जंतुनाशकात बूट बुडवले आणि आत गेल्या.